एक चहा, दोन डिमसम आणि बाबांचं हॉटेल

‘आमचं हॉटेल आहे.’

तीन शब्द. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, लोअर परळच्या ऑफिसातल्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारलं, ‘तुझे डॅड काय करतात?’ आणि मी हे तीन शब्द बोलून मोकळी झाले. आता मला सांगा, यात खोटं काय आहे? चामोर्शीच्या बसस्टँडजवळ बाबांचं हॉटेल आहेच. पाच बाकडी, एक भट्टी, चहाचा गंज, भज्यांची कढई आणि काचेच्या कपाटात रचलेले आलुबोंडे. आमच्याकडे याला हॉटेलच म्हणतात. पण टीमने काय ऐकलं? स्विमिंग पूल! ‘वॉव, ताडोबाला का?’ असंही कुणीतरी म्हणालं. (ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात, आम्ही गडचिरोलीत. पण मुंबईकरांसाठी नागपूरच्या पुढे सगळं ताडोबाच असतं.) मी नुसती हसले. ते हसू मला साडेतीन वर्षं पुरलं, आणि मग एका रविवारी, वाफाळत्या बांबूच्या टोपलीसमोर, ते संपलं.

त्या रविवारची ही गोष्ट. म्हणजे तशी ही गोष्ट डिमसमची आहे, पण बाबांना वगळून ती मला सांगता येत नाही.

गुडघे, भाऊ आणि माझा प्लॅन

बाबा मुंबईला आले ते गुडघे दाखवायला. एसटीने नागपूर, तिथून रात्रभर विदर्भ एक्सप्रेस, आणि सकाळी सीएसएमटीवर हातात एक पिशवी. पिशवीत आईने दिलेले पोह्याचे पापड आणि पाच किलो तांदूळ. मुंबईत तांदूळ मिळत नाही असं आईला वाटतं.

डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि विचारलं, ‘दिवसात किती तास उभे असता?’ बाबांनी बोटं मोजली. पहाटे चारला भट्टी पेटते, रात्री आठला गल्ला बंद होतो. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. एवढंच. पण त्या रात्री नागपूरच्या भावाचा फोन आला आणि आम्ही दोघांनी मिळून ठरवून टाकलं की, हॉटेल बंद. एकतीस वर्षं झाली, बास झालं. भावाला ते चालवायचं नाही, मला तर नाहीच नाही. बाबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाबा माझ्याकडे होते.

वाईट बातमी चांगल्या जागी सांगावी, हे मी कॉर्पोरेटमध्ये शिकले. आमच्याकडे इन्क्रीमेंट नाकारतानाही लंचला नेतात. म्हणून मी ठरवलं की रविवारी बाबांना डिमसम खायला न्यायचं. दक्षिण मुंबईतलं एक जुन्या पद्धतीचं कँटोनीज रेस्टॉरंट आहे. नाव सांगत नाही, कारण मग पुढच्या रविवारी मलाच टेबल मिळणार नाही!

डिमसम म्हणजे मोमो नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. ‘डिमसम म्हणजे ते मोमोच ना?’ हा प्रश्न मीही विचारला होता, टीमसोबत पहिल्यांदा गेले तेव्हा. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी श्रीखंडाला दही म्हटलं.

डिमसम हा एक पदार्थ नाहीच. ती खाण्याची एक पद्धत आहे. दक्षिण चीनमधला ग्वांगडोंग प्रांत, त्याचं जुनं इंग्रजी वळणाचं नाव कँटन, म्हणून तिथलं जेवण ते कँटोनीज. ग्वांगझूमध्ये आणि पुढे हाँगकाँगमध्ये चहाची मोठमोठी दुकानं असायची. लोक सकाळी तिथे चहा प्यायला जमायचे, पेपर वाचायचे, धंद्याचे सौदे करायचे, गप्पा हाणायचे. चहासोबत तोंडात टाकायला काहीतरी हवं, म्हणून छोटे छोटे पदार्थ आले. वाफवलेले, तळलेले, भाजलेले, गोड, तिखट. या सगळ्यांचं मिळून नाव डिमसम. शब्दशः अर्थ लावायचा तर ‘हृदयाला हलकेच स्पर्श’. आणि गंमत म्हणजे कँटोनीज माणूस ‘डिमसम खायला जाऊ’ असं फारसं म्हणत नाही. तो म्हणतो ‘याम चा’, म्हणजे ‘चहा प्यायला जाऊ’!

त्यांच्यात एक जुनी म्हण आहे: एक कप, दोन तुकडे. म्हणजे एक चहा आणि दोन डिमसम, की झाली सकाळ. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. एक चहा, दोन भजी. हे तर मी लहानपणापासून रोज बघत आले होते.

माझगावातलं देऊळ, कुलाब्यातलं टेबल

मुंबईत चिनी जेवण काही मॉलसोबत आलेलं नाही. ग्वांगडोंगहून जहाजांवर आलेले खलाशी आणि कारागीर माझगावच्या गोदीजवळ राहिले. १९१९ मध्ये त्यांनी तिथे सी यूप कून हे देऊळ बांधलं. आजही ते आहे. वरच्या मजल्यावर ग्वान गाँग हा न्यायाचा आणि शौर्याचा देव, आणि चिनी नववर्षाला तिथे उदबत्त्यांचा धूर. १९४५ मध्ये यिक सेन लिंग यांनी गेटवेजवळ नानकिंग सुरू केलं. तिथे एका पिढीने पहिल्यांदा चॉपस्टिक हातात धरल्या. लिंग कुटुंबाच्या पुढच्या पिढीचं लिंग्ज पॅव्हेलियन १९९१ मध्ये कुलाब्यातच सुरू झालं.

मध्ये १९६२ आलं. युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या जवळपास तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यातले बहुतेक आसाम-बंगालकडचे होते, पण भीती सगळीकडे पसरली. पुष्कळ कुटुंबं कॅनडा, ऑस्ट्रेलियाला निघून गेली. जे राहिले, ते स्वयंपाक करत राहिले, केस कापत राहिले, दात बसवत राहिले. १९७३ मध्ये ताजमध्ये गोल्डन ड्रॅगन आलं आणि शेजवान तिखट शहराच्या जिभेवर बसलं. १९७५ मध्ये नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये चिकन मंचुरियन जन्माला घातलं, असं सांगतात. आलं-लसूण-मिरची तर आपलीच, फक्त त्यात सोया सॉस. तो पदार्थ इतका पळाला की आता चामोर्शीतही संध्याकाळी लाल गाडीवर ‘चायनीज’ मिळतं. चीनमधल्या माणसाला ते ओळखू येणार नाही, ही गोष्ट वेगळी! आणि २०११ मध्ये लंडनचं याउआचा बीकेसीत आलं, तेव्हापासून सूटवाल्यांच्या लंच मीटिंगमध्ये डिमसम हा शब्द रुळला.

थोडक्यात, शेजवान आपल्याला लवकर पटलं. कँटोनीज जरा उशिरा, कारण त्यात तिखटाचा धाक नसतो. झिंग्याला झिंग्याची चव लागली पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

टेबल नंबर सात

रविवारी सकाळी साडेअकरा. बाबा पांढऱ्या शर्टात, गळ्यात दुपट्टा. मी म्हटलं होतं दुपट्टा नको. बाबा म्हणाले, ‘एसी राहील ना तिथं? मंग घेतो.’ विषय संपला.

आत गोल टेबलं, लाल कागदी कंदील, गल्ल्यावर एक सत्तरीचे काका. मालकांपैकीच एक. चेहरा चिनी, हिंदी अस्सल भायखळ्याची. ‘आइये अंकल, इधर बैठो, पंखे के नीचे ठंडा लगेगा.’ बाबांनी खुर्चीवर बसायच्या आधी गल्ल्याकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, मग टेबलांकडे एकदा नजर फिरवली. हॉटेलवाला हॉटेलात शिरला की गिऱ्हाईक होत नाही, हे मी विसरले होते.

चहा आला. चिनी मातीची किटली, बिनकानाचे छोटे कप. पू-अर नावाचा, आंबवून मुरवलेल्या पानांचा काळपट चहा. दूध नाही, साखर नाही. मला वाटलं, झालं! एकतीस वर्षं दुधाचा चहा विकणारा माणूस आता तोंड वाकडं करणार. बाबांनी वास घेतला. एक घोट घेतला. थांबले. मग म्हणाले, ‘पानी बराबर उकरलं हाये.’

‘म्हणजे?’

‘कच्च्या पान्याची चाय पोटात बसत नाई. याची बसते.’

काका हसत जवळ आले आणि कप परत भरला. मग त्यांनी बाबांना एक गोष्ट शिकवली. कुणी आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक करायची. तोंडातला घास, चाललेली गप्पा, काही थांबवायचं नाही, टकटक म्हणजे धन्यवाद. दंतकथा अशी आहे की छियानलाँग नावाचा बादशहा वेश पालटून फिरत असताना त्याने आपल्या नोकराच्या कपात चहा ओतला. गुडघ्यावर बसून मुजरा केला तर बिंग फुटणार. म्हणून नोकराने दोन बोटं वाकवली, दोन गुडघे टेकल्यासारखी. बाबा खूश! त्यांनी लगेच काकांना सांगितलं की आमच्याकडे गिऱ्हाईक ग्लास उपडा ठेवतो, म्हणजे ‘आता पुरे’. काका म्हणाले, आमच्यात किटलीचं झाकण तिरकं ठेवलं की ‘अजून पाणी आणा’. दोघांनी एकमेकांची भाषा घेतली. मी मेनू कार्डामागे लपले होते, कारण शेजारच्या टेबलावरची मंडळी बघत होती.

टोपल्या उघडतात

मग एकेक टोपली यायला लागली.

पहिली हार गाव. झिंग्याचं सारण, वरचं आवरण काचेसारखं, आतला गुलाबी रंग दिसणारं. ते आवरण गव्हाच्या स्टार्चचं असतं. पिठातलं ग्लूटेन धुऊन काढलं की उरतो तो स्टार्च. त्यावर उकळतं पाणी ओतून मळतात, आपल्या मोदकाच्या उकडीसारखंच. गरम पाण्याने स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि वाफवल्यावर पारदर्शक दिसतो. आवरणाला किमान सात चुण्या हव्यात, हात चांगला असेल तर दहा किंवा जास्त. उचलताना फाटली किंवा टोपलीला चिकटली, तर आचारी नापास.

बाबांनी चॉपस्टिक बाजूला ठेवल्या आणि हाताने उचलली. चुण्या मोजल्या. खरंच मोजल्या! ‘अकरा.’ मग खाल्ली. ‘कॅम्पातल्या पुलीवानी दिसते. पन आत झिंगे.’

हे जरा सांगायला हवं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना दंडकारण्याच्या जंगलपट्ट्यात वसवलं गेलं, त्यातली बरीच गावं आमच्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत आहेत. आम्ही त्या गावांना अजूनही कॅम्प म्हणतो. संक्रांतीला तिथून बाबांच्या हॉटेलात डबा यायचा. तांदळाच्या पिठाची पुली, आत नारळ-गूळ, आणि वाफवलेलं भापा पिठे. म्हणजे मी डम्पलिंग पहिल्यांदा मुंबईत खाल्लं, ही माझी ऐट साफ खोटी होती. चामोर्शीच्या बसस्टँडवर, हाफ फ्रॉकमध्ये असताना खाल्लं होतं.

मग शिउ माय आली, उघड्या तोंडाची. मुळात पोर्क आणि झिंग्याची, आम्ही चिकनची घेतली. चार सिउ बाव, म्हणजे भाजलेलं पोर्क घातलेला, कापसासारखा पाव. तो बाबांनी नाकारला. पोर्कचं नाव ऐकून नव्हे, ‘पाव खाऊन पोट कायले भरायचं’ म्हणून. हार गाव, शिउ माय, चार सिउ बाव आणि शेवटी येणारा अंड्याचा टार्ट, दान तात, हे चार डिमसमचे ‘स्वर्गीय राजे’ मानतात. कोणत्याही ठिकाणाची परीक्षा करायची तर आधी हे चार मागवा.

चेउंग फन आलं. तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण ट्रेवर ओतून वाफवायचं, सुटलेला रेशमासारखा पापुद्रा सारणावर गुंडाळायचा, वर गोडसर सोया. बाबांचा पहिला प्रश्न, ‘तांदूर कोनता?’ काकांना सांगता येईना. मग बाबांनी त्यांना एचएमटीची गोष्ट सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं छोटं गाव आहे. तिथले अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८०च्या दशकात आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं पेरून बघितल्या आणि एक बारीक, चवदार वाण तयार केलं. तेव्हा एचएमटीची घड्याळं जोरात होती, म्हणून तांदळाचं नाव एचएमटी! २०१८ मध्ये दादाजी गेले. देशभर लोक तो तांदूळ खातात, त्या माणसाचं नाव मात्र थोड्यांनाच माहीत. काका म्हणाले, ‘हमारे यहाँ भी कुक का नाम कोई नहीं पूछता.’

आणि मग लो बाक गो. मुळा किसून तांदळाच्या पिठात घालायचा, वाफवायचं, थंड झालं की वड्या कापून तव्यावर खरपूस करायच्या. बाबांनी एक तुकडा मोडला आणि मोठ्याने म्हणाले, ‘आँ! हे तं तुह्या मायची चमकुऱ्याची वडी होय!’ वाफवायचं, कापायचं, परतायचं. अगदी तेच.

शेजारचं टेबल पुन्हा वळून बघायला लागलं. आणि तेव्हाच मागून आवाज आला, ‘अरे! तू इथे?’

‘कितने रूम हैं, अंकल?’

आमचे सर. डिपार्टमेंटचे हेड. बायको आणि मुलगा सोबत. सर तसे फार चांगले, म्हणूनच जास्त पंचाईत. मी उभी राहिले, ओळख करून दिली. सरांनी वाकून बाबांशी हात मिळवला आणि म्हणाले, ‘अंकल, बहोत सुना है आपके होटल के बारे में! कितने रूम हैं?’

मला अजून ती दोन सेकंदं आठवतात. कान गरम झाले. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे. मग अगदी सरळ, हॉटेलात नवीन गिऱ्हाइकाशी बोलतात तसं म्हणाले, ‘रूम नहीं है साहब. पाँच बाकडे हैं. चाय का होटल है, बसस्टँड पे. आना कभी.’

सरांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ते म्हणाले, ‘ज़रूर, अंकल,’ आणि मनापासून म्हणाले असावेत. पण जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, किंवा मीच पाहिलं नाही. टेबलावर दान तात आले होते. गरम, पिवळेधमक. कुणीच हात लावला नाही.

बाबांनी कप उचलला, रिकामा होता, खाली ठेवला.

‘तू का सांगतलं होतं त्यायले?’

‘हॉटेल आहे म्हणून सांगितलं, बाबा.’

‘मंग खोटं तं नाई बोलली.’ थांबले. ‘पन खरंबी नाई बोलली.’

मी मान खाली घातली. आता रडायचं नाही, एवढंच ठरवत होते. ऑफिसमध्ये कुणाच्या वडिलांचं शिपिंगमध्ये, कुणाची आई आर्किटेक्ट. आणि माझी फी, माझा लॅपटॉप, पुण्याचं हॉस्टेल, सगळं त्याच भट्टीवर शिजलेलं. मला ते माहीत होतं. तरीही तीन शब्द मी साडेतीन वर्षं दुरुस्त केले नव्हते.

‘आनि मले इथं कायले आनली, ते सांग आता,’ बाबा म्हणाले. ‘पोट्टी एवढा खर्च उगाच नाई करत.’

मग मी सांगून टाकलं. गुडघे, डॉक्टर, भाऊ, हॉटेल बंद. एका दमात. बाबांनी मध्ये तोडलं नाही.

दोन हॉटेलवाले

उत्तर द्यायच्या ऐवजी बाबांनी काकांना हाक मारली. ‘आपके बाद कौन चलाएगा ये?’

मला वाटलं, आता काय हे! पण काकांना प्रश्न अजिबात आगाऊ वाटला नाही. ते खुर्ची ओढून बसले. मुलं कॅनडात. येतात तेव्हा इथेच, याच टेबलावर बसतात. चालवणार नाहीत. ‘तो बंद करोगे?’ बाबांनी विचारलं. काका म्हणाले, ‘जब तक सुबह उठके इधर आने का मन करता है, तब तक नहीं. लेकिन शाम को मैं नहीं बैठता. घुटना.’

घुटना! दोघेही हसले. मग बाबांनी खोलात जाऊन विचारलं. डिमसम कधीपर्यंत देता? काका म्हणाले, दुपारी तीनपर्यंत. जुनी पद्धतच ती. पहाटे सारणं तयार, सकाळपासून दुपारपर्यंत विक्री, मग टोपल्या धुऊन पालथ्या. संध्याकाळी डिमसम मागितलं तर जुने लोक हसायचे. ‘सुबह की चीज़ सुबह.’

बाबा बराच वेळ किटलीकडे बघत बसले. मग मला म्हणाले, ‘बंद नाई करत. पन बारा वाजेपर्यंतच करतो. सकारच्या गाड्या, शाळेची पोरं, कचेरीतले लोकं. तेवढी झाली का शटर खाली. आनि एक उंच स्टूल पाह्यजे भट्टीपाशी.’

‘आणि पहाटे चारला कोण उठणार?’

‘पोऱ्या ठेवतो एक. त्याचा पगार मीच देईन,’ त्यांनी माझं तोंड उघडायच्या आतच सांगितलं. ‘स्टूल तू घे.’

साडेतीन वर्षांत मी कुठल्याही मीटिंगमध्ये इतकी स्वच्छ वाटाघाट पाहिलेली नाही. आम्ही दोन भावंडांनी त्यांच्यासाठी निर्णय घेतला होता, त्यांना न विचारता. त्यांनी दहा मिनिटांत, त्यांच्याच धंद्यातल्या माणसाला विचारून, त्याहून बरा निर्णय घेतला.

बिल आलं. बाबांनी बघायला मागितलं. एका टोपलीचे साडेपाचशे रुपये वाचून ते काही बोलले नाहीत. फक्त खाली उतरताना जिन्यात म्हणाले, ‘चुन्या अकरा होत्या. पैसे बराबर घेतले.’

सोमवार

सोमवारी सकाळी मी टीमच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. पत्र्याचं छत, बाकडी, भट्टीमागे बाबा, गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड. खाली लिहिलं: ‘आमचं हॉटेल. रूम ०. बाकडी ५. चहा १० रुपये.’ अंगठे आले, हृदयं आली. एक जण ‘सो ऑथेंटिक’ म्हणाला, त्याचा मला राग आला, मग गेला. सरांनी उत्तर दिलं नाही. दुपारी माझ्या डेस्कपाशी आले आणि म्हणाले, ‘माझ्या वडिलांची अंधेरीत पिठाची गिरणी होती.’ आणि निघून गेले. आमच्या ऑफिसात अशा आणखी किती गिरण्या लपलेल्या असतील, देव जाणे.

हॉटेल आता दुपारी बाराला बंद होतं. महाशिवरात्रीला मार्कंडादेवची जत्रा असते, वैनगंगेच्या काठी. तेव्हा मात्र शटर दिवसभर उघडं. त्यावर चर्चा होणार नाही, असं बाबांनी आधीच कळवलं होतं. यंदा मी त्या दिवशी सुट्टी घेऊन गेले. स्टूलवर बाबा, कढईपाशी नवा पोऱ्या, गल्ल्यावर मी. गर्दी जरा ओसरली तेव्हा बाबांनी माझ्यासमोर चहाचा ग्लास ठेवला. माझ्या हातात सुटे पैसे होते, तोंडात भजं होतं. मी दोन बोटं वाकवून गल्ल्यावर टकटक केलं.

‘हव,’ बाबा म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पहिल्यांदा जाताय? मग हे लक्षात ठेवा

* वेळ: सकाळी अकरा ते दुपारी. खरं डिमसम सकाळचं खाणं आहे, डिनर नव्हे.

* आधी चहा ठरवा. जड, तेलकट खाणार असाल तर पू-अर. हलकं हवं तर जास्मिन किंवा शेवंतीच्या फुलांचा. दूध मागू नका.

* सुरुवात वाफवलेल्या, हलक्या पदार्थांनी करा. मग तळलेलं. गोड शेवटी.

* दोघांना चार-पाच टोपल्या पुरतात. एकदम मागवू नका. डिमसम गार झालं की आवरण चिवट होतं.

* चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा मागा, लाजू नका. फक्त भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका. त्यांच्याकडे ते मृतासमोरच्या उदबत्त्यांसारखं दिसतं.

* पोर्क, कोंबडीचे पाय, झिंगे चालत नसतील तर आधीच सांगा. मशरूम, मका, पालकाचे प्रकार मिळतात.

* कुणी चहा ओतला की दोन बोटांनी टकटक. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं.

* आणि आई-बाबा गावाहून आले असतील तर त्यांना न्या. चुण्या त्यांना मोजू द्या.